एक्स-रे इमेजिंगच्या सिम्युलेशनसाठी एक्सकॉममधला (एनआयएसटी या अमेरिकी संस्थेच्या डेटाबेसमधला) क्षीणन डेटा, म्हणजे पदार्थातून जाताना किरण किती कमी होतात त्याचे आकडे, थेट वापरला तर चालेल का? आयोडीनजवळ माझी उत्तरं चुकतायत.

चालेल, पण मधल्या ऊर्जांच्या किमती कशा काढताय ते आधी तपासा. हे इंटरपोलेशन लॉग-लॉग मोजपट्टीवरच करा, म्हणजे ऊर्जा आणि गुणांक दोन्हींचे लॉगरिदम घेऊन. साध्या सरळ रेषेने काढलेल्या किमती वाढीव येतात.

तुमची चूक बहुधा के-एजवर आहे, म्हणजे अणूच्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनला बाहेर काढण्याइतकी ऊर्जा होते त्या कडेवर. आयोडीनसाठी ती ३३.१७ केईव्हीला येते. तिथे क्षीणन गुणांक ६.५५ वरून एकदम ३५.८ चौ. सेंमी प्रति ग्रॅमवर उडी घेतो. म्हणजे एकाच ऊर्जेला दोन किमती! पुष्कळदा कोड त्यातली एक ओळ 'डुप्लिकेट' म्हणून गाळतो आणि ती उभी कड तिरकी होते. टेबल कडेपाशी तोडा, दोन्ही बाजूंचं इंटरपोलेशन वेगवेगळं करा.

संयुगांसाठी वस्तुमानाच्या प्रमाणात बेरीज करा (पाण्यात हायड्रोजन ०.११२, ऑक्सिजन ०.८८८). घनता शेवटी गुणा.

माँटे कार्लो (एकेका फोटॉनचा प्रवास यादृच्छिक आकड्यांनी चालवणारं सिम्युलेशन) करत असाल तर नुसता एकूण गुणांक पुरत नाही: प्रकाशविद्युत (शोषण), कॉम्प्टन (ऊर्जा गमावून विकिरण) आणि रेले (ऊर्जा न गमावता विकिरण) वेगवेगळे ठेवा. मॅमोग्राफीच्या ऊर्जांना रेलेकडे दुर्लक्ष अजिबात करू नका. सुट्या अणूंचे फॉर्म फॅक्टर (कोणत्या कोनात किती रेले विकिरण होतं ते ठरवणारे आकडे) बेरजेने घेतले, तर पाण्यासारख्या पदार्थात लहान कोनांचं विकिरण प्रत्यक्षापेक्षा जास्त येतं. तिथे मोजलेले फॉर्म फॅक्टर वापरा.