कार्डं घरी करा, मशीन घेऊ नका

प्रश्न: आमच्या रिसेप्शनला 240 पाहुणे आहेत आणि प्रत्येकाच्या नावाचं सीटिंग कार्ड टेबलावर ठेवायचं आहे. छापखान्याने सांगितलेली रक्कम 100 धरली, तर घरी कागद आणि शाई मिळून 25 मध्ये काम होतं. त्यासाठी रंगीत प्रिंटर आणि कार्ड कापायचं मशीन लागेल, दोन्ही मिळून 250. पण ते नंतरही उपयोगी पडेल, आणि छोट्या ऑर्डरी घेतल्या तर पैसे वसूल होतील. हप्त्यांवर मिळतंय. घ्यावं का?

उत्तर: मशीन घेऊ नका. कार्डं घरी करायची का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यातलं बरंचसं काम तुम्ही खुशाल घरी करा. तुमच्या पत्रात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, म्हणून हिशेब गोड दिसतो.

तुमचेच आकडे घेऊ. एका समारंभामागे बचत 75, यंत्रांची किंमत 250. तीन रिसेप्शन झाली तरी 225 च सुटतात, म्हणजे चौथ्या रिसेप्शनला कुठे यंत्र फिटेल. तुमच्या घरात होणार आहे एक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार. नंतर विकून टाकू म्हणाल, तर अर्धी किंमत परत आली तरी 125 गेलेच, आणि वाचवायचे होते 75. ऑर्डरी घ्यायच्या असतील तर तो धंदा झाला. त्याला वेगळं भांडवल आणि वेगळी वही लागते. हाती एकही ऑर्डर नसताना तिचं उत्पन्न लग्नाच्या खर्चातून वजा करता येत नाही. हप्त्यांबद्दल एवढंच बघा: रोख घेतल्यावर मिळणारी सूट आणि हप्त्यांचं प्रक्रिया शुल्क हे दोन्ही 250 मध्ये मिळवले आहेत का? सहसा ते राहून जातं.

आता 25 या आकड्याकडे. A4 कागदावर उभी राहणारी घडीची सहा कार्डं बसतात, म्हणून तुम्ही 240 भागिले 6, म्हणजे 40 कागद धरलेले दिसतात. इतके नेमके कागद कधीच पुरत नाहीत. मांडणी तपासायला 3, अडकून, डाग पडून किंवा वाकडे कापले जाऊन 5, आणि ऐनवेळी वाढणाऱ्या पाहुण्यांसाठी कोरी 24 कार्डं, म्हणजे आणखी 4. एकूण 52 कागद, तुमच्या अंदाजापेक्षा 30 टक्के जास्त. शाईचंही तसंच. कार्ट्रिजवर लिहिलेली पानांची संख्या पानावर थोडाच मजकूर आहे असं धरून काढलेली असते. कार्डाला गडद रंगाची पार्श्वभूमी दिलीत तर ती संख्या विसरा. रंग न भरता फक्त नाव आणि एक बारीक किनार ठेवली, तरच 25 चा आकडा 32-33 वर थांबेल.

पैसे वाचवायची खरी जागा छपाईच्या आधी आहे. किती कार्डं लागतात?

प्रत्येक खुर्चीवर नाव तेव्हाच लागतं, जेव्हा कोणी नेमकं कुठे बसायचं हे तुम्हाला ठरवायचंच असतं, किंवा प्रत्येकाने आपलं जेवण आधी निवडलेलं असतं. एरवी पाहुण्याला फक्त टेबल नंबर हवा असतो. मग दारात एका कुटुंबाला एक कार्ड पुरतं: वर नाव, खाली टेबल नंबर. 240 पाहुणे म्हणजे समजा 110 कुटुंबं. कार्डं निम्म्याहून कमी झाली. टेबलावर दहा जण बसत असतील तर 24 टेबलांचे 24 नंबर वेगळे करा. ही कार्डं दारातल्या टेबलावर आडनावाच्या अक्षरक्रमाने लावायची. टेबल नंबरप्रमाणे लावलीत तर प्रत्येक जण सगळी कार्डं वाचत बसतो आणि दारात रांग लागते.

याहून स्वस्त म्हणजे सगळ्यांची नावं असलेला एकच मोठा तक्ता. A1 आकार, 594 × 841 मिलिमीटर, 110 नावांना भरपूर होतो. अडचण अशी की आदल्या दिवशी दोन कुटुंबांची टेबलं बदलली तर अख्खा तक्ता पुन्हा छापावा लागतो. तुमची यादी शेवटपर्यंत हलणारी असेल तर कार्डंच बरी.

छापखान्याची 100 ही रक्कम नेमकी कशाची, तेही विचारा. एकच अंक घेऊन परत येऊ नका. तीन वेगळे भाव मागा. पहिला, किनार छापून कापलेल्या कोऱ्या कार्डांचा. दुसरा, त्याच कार्डांवर क्रीज, म्हणजे घडीच्या जागी दाबून काढलेली रेघ, मारून. तिसरा, नावांसकट. दुसऱ्या आणि तिसऱ्या भावातला फरक ही तुमच्या नावांची किंमत. छापखान्याला एकसारखं काम परवडतं: जाड कागद, सरळ कटिंग, क्रीज. तिथलं कटिंग मशीन कागदांचा गठ्ठा एका दमात कापतं, घरी मात्र एका A4 मधून सहा कार्डं काढायला सात काप लागतात. 52 कागदांना 364 काप. नावांचं उलट आहे. प्रत्येक कार्ड वेगळं, यादी तपासण्याची कटकट, आणि एक नाव बदललं की पुन्हा छपाई. म्हणून काम वाटून घ्या: क्रीज मारलेली कोरी कार्डं छापखान्याकडून, नावं घरी हाताने. एका नावाला दीड मिनिट धरलं तर 110 कार्डांना पावणेतीन तास लागतात. सगळ्या 240 कार्डांना सहा तास. भावातला फरक या तासांनी भागा. जो दर निघेल तेवढ्यासाठी तुम्ही लग्नाच्या आठवड्यातले तास द्याल का, हे तुम्हीच ठरवा. एका गोष्टीची चौकशी मात्र आधी करा: कमी नगांना छापखान्याची किमान रक्कम लागू होते का? होत असेल तर 110 ऐवजी 150 कोरी कार्डं घेणं जवळपास तेवढ्यातच पडेल, आणि उरलेली ऐनवेळी लागतातच.

हाताने लिहिणार असाल तर कागद मॅट घ्या. चकचकीत किंवा मोतिया कागदावर जेल पेनची शाई वाळत नाही, बोट लागलं की फासते. 0.8 ते 1 मिलिमीटर टोकाचं, पाण्याने न पसरणारं पेन बघा. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लिहून पाच मिनिटांनी बोट फिरवून पाहा. जाडी 250 ते 300 जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. पातळ कागदाचं घडीचं कार्ड दमट हवेत पाय पसरून आडवं होतं.

घरचा किंवा कोणाचा मागून आणलेला प्रिंटर असेल आणि नावंही छापायचीच असतील, तर ते जमण्यासारखं आहे, पण पैसे वाया जातात ते पुढच्या गोष्टींत. आधी प्रिंटरच्या माहितीपत्रकात तो किती जीएसएमपर्यंतचा कागद घेतो ते बघा. 300 चा कागद बऱ्याच घरगुती प्रिंटरमध्ये अडकतो. 200 च्या आसपास ठेवा, मागच्या ट्रेमधून एकेक घाला, म्हणजे कागदाला कमी वळावं लागतं. सेटिंगमध्ये जाड कागद निवडा. छपाई 100 टक्के मापावर हवी. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला तर सगळी चौकट थोडी आक्रसते, कापायच्या रेषा मापाला जुळत नाहीत, आणि हे लक्षात येतं ते चाळीस कागद छापून झाल्यावर.

मांडणी अशी करा. A4 आडवा घ्या, 297 × 210. उलगडलेलं कार्ड 95 × 95 मिलिमीटर; आडवी तीन, उभी दोन. डावी-उजवीकडे 6 आणि वर-खाली 10 मिलिमीटर जागा उरते, म्हणून किनार कापली जात नाही. घडीनंतर कार्ड 95 × 47.5 होतं. नाव खालच्या अर्ध्या भागात. मागूनही दिसायला हवं असेल तर वरच्या भागात उलटं छापायचं. कागद आडवा घेण्याला कारण आहे. A4 चे तंतू बहुतेक वेळा लांब बाजूने असतात, आणि तंतूंना समांतर घडी स्वच्छ बसते. तंतूंना आडवी घडी घातली तर जाड कागद कडेला तडकतो, त्यावर टोनरचा, म्हणजे लेझर प्रिंटरच्या भुकटी शाईचा, रंग असेल तर तोही सुटतो. शंका असेल तर कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेला सहज वाकतो ती घडीची दिशा. आणि क्रीज कापण्याआधी मारा. या मांडणीत एका कागदावर दोनच लांब रेघा ओढल्या की सहाही कार्डांची क्रीज होते. पट्टी आणि संपलेलं बॉलपेन एवढं पुरतं, त्यासाठी वेगळं साधन विकत घेऊ नका. कापायला ट्रिमर, म्हणजे कागद सरळ कापायचं पात्याचं साधन, लागेल; तो मागून आणा. कातरीने 364 काप सरळ येत नाहीत.

नावांची यादी एक्सेलमध्ये, एका ओळीत एक कार्ड, नाव आणि टेबल नंबर वेगवेगळ्या रकान्यांत. तीच यादी मेल मर्जने, म्हणजे यादीतली नावं आपोआप मांडणीत भरणाऱ्या सोयीने, पानावर उतरते. देवनागरी नावं असतील तर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली नावं दुसऱ्या संगणकावर भलतीच अक्षरं होऊन उघडतात. काही डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून 'कृष्णा', 'ज्ञानेश्वर', 'प्रज्ञा', 'सुर्वे' अशी नावं असलेला कागद सगळ्यात आधी छापून बघा. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. छापखान्याला फाइल द्यायची झाली तर पीडीएफच द्या, आणि यादी तयार करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी ती मोठ्याने वाचून तपासू दे. एका नावातली चूक पाहुण्याच्या लक्षात राहते.

थोडक्यात तुमचं बजेट असं: यंत्रांचे 250 काढून टाका. कार्डं 240 वरून 110 वर आणा. छापखान्याकडून तिन्ही भाव घेऊन क्रीज मारलेली 150 कोरी कार्डं मागवा. 100 मधले जे सुटतील ते पाहुण्यांचा पक्का आकडा मिळवण्यावर खर्च झाले तरी चालेल, म्हणजे फोन करायला बसणाऱ्या माणसाच्या वेळेवर. न येणाऱ्या दहा पाहुण्यांचा अंदाज आधी आला तर एक अख्खं टेबल कमी होतं, त्यावरचं जेवण आणि सजावट धरून. कार्डांच्या कागदात कितीही काटकसर केली तरी तेवढं वाचणार नाही.

यादी समारंभाच्या तीन दिवस आधी बंद करा. नावं त्यानंतरच लिहा, आधी नाही. टेबल नंबर पेन्सिलने लिहून ठेवा आणि आदल्या रात्री शाईने पक्का करा. उरलेली कोरी कार्डं, तेच पेन आणि टेबलांची यादी एका पाकिटात घालून दारात उभ्या राहणाऱ्या माणसाकडे द्या, आणि कोणत्या दोन टेबलांवर जादा खुर्च्या ठेवल्या आहेत हे त्या यादीवरच लिहा.