अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घेऊन कोलेस्टेरॉलची गोळी टाळता येईल का?

तुमचं वय ४४, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६८, वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक. ‘खरा दोषी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ (ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंनी पेशींवर होणारा मारा) असं वाचल्यामुळे व्हिटॅमिन ई आणि सी या अँटिऑक्सिडंटवर, म्हणजे तो मारा रोखणाऱ्या पदार्थांवर, भागेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: नाही भागणार. जे वाचलंत ते अर्धं बरोबर आहे, पण त्यात क्रम उलटा झालाय.

आधी एलडीएल. हे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, आकार साधारण २० ते २५ नॅनोमीटर. रक्तात ते जितके जास्त, तितके धमनीच्या अस्तरातून पलीकडे झिरपतात. अस्तराखाली साखर आणि प्रथिनांचं चिकट जाळं असतं. कणावरचं अपोबी नावाचं प्रथिन त्याला चिकटतं आणि कण तिथेच अडकतो. रक्तात असेपर्यंत अँटिऑक्सिडंट त्याला सांभाळतात. भिंतीत अडकला की ते संरक्षण तोकडं पडतं. डब्यात राहिलेलं खोबरं खवट होतं ना, रसायनशास्त्र जवळपास तेच: चरबीवर ऑक्सिजनचा मारा. म्हणजे अडकणं आधी, खवट होणं नंतर.

पुढचा भाग महत्त्वाचा. मॅक्रोफेज ही सफाई करणारी पेशी साधा एलडीएल पुरेसा झाला की आपले एलडीएल रिसेप्टर (कण आत घेणारी दारं) कमी करते. खवट कण मात्र स्कॅव्हेंजर रिसेप्टरच्या दाराने आत घेतला जातो आणि हे दार पोट भरलं तरी बंद होत नाही. पेशी चरबीने फुगते, सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसते, शेवटी तिथेच मरते. अशा मेलेल्या पेशींचा मऊ गाभा आणि वर तंतूंचं टोपण, हा झाला प्लाक. शिवाय सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा आक्रमक प्रकार नायट्रिक ऑक्साइड संपवतो. धमनी सैल ठेवणारा आणि प्लेटलेट (गुठळी करणाऱ्या रक्तकणिका) चिकटू न देणारा तोच रेणू असतो.

‘ब्लॉकेज ४० टक्केच होतं, तरी अटॅक कसा आला?’ याचं उत्तर टोपणात आहे. ते पातळ होऊन फाटलं की आतला गाभा रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी धरते. अशा वेळी नळी आधी किती अरुंद होती याला फारसा अर्थ राहत नाही.

आता कॅप्सूल. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ लोक होते. व्हिटॅमिन ई ६०० मिग्रॅ, सी २५० मिग्रॅ आणि बीटा कॅरोटीन २० मिग्रॅ रोज, सुमारे पाच वर्षं. हृदयाला फायदा शून्य. त्याच अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन ४० मिग्रॅ या कोलेस्टेरॉलच्या गोळीने अटॅक, पक्षाघात आणि अँजिओप्लास्टी-बायपास यांचं एकत्रित प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात काय हशील? आवळा, डाळिंब जरूर खा, पण गोळीच्या बदली म्हणून नको.

तुम्ही काय करावं? लिपिड प्रोफाइल पुन्हा करा, सोबत टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), एसजीपीटी (यकृत) आणि आयुष्यात एकदा तरी लिपोप्रोटीन (ए), म्हणजे वारशाने ठरणारा एलडीएलसारखा कण. थायरॉइड कमी असेल तर एलडीएल त्यानेच वाढतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) ४०० च्या वर असतील तर रिपोर्टमधलं गणिताने काढलेलं एलडीएल धरू नका, डायरेक्ट मोजून घ्या. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार कमी धोका असलेल्यांचं एलडीएल १०० च्या खाली हवं, जास्त धोका असेल तर ७० च्या खाली. वडिलांना ५५ च्या आत अटॅक येणं ही धोक्याची बाजू आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आहाराने किती उतरेल याचा हिशेब प्रामाणिकपणे करा. ईसबगोल रोज १० ग्रॅम, भरपूर पाण्यासोबत, साधारण ७ टक्के: १६८ चे १५६. वनस्पती तूप, साय, चरबीचं मटण कमी केलं तर आणखी थोडं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका; रंग काळपट झाला, फेस येऊ लागला की टाकून द्या. सिगारेटबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत असाल तर धूर हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा मोठा पुरवठा आहे.

रोसुव्हास्टॅटिन १० मिग्रॅ या कोलेस्टेरॉलच्या गोळीने एलडीएल साधारण ४५ टक्के उतरतं, म्हणजे १६८ चे ९२ च्या आसपास. डोस दुप्पट केला तर दुप्पट नाही, जेमतेम ६ टक्के जास्त उतरतं. सुरू केल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. सर्रास होणारी चूक म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणं. तो नॉर्मल गोळीमुळेच आलेला असतो. दोन्ही मांड्या किंवा दंड सतत दुखू लागले, लघवी गडद झाली, तर मनानेच गोळी थांबवून गप्प बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. सीके ही स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी करून औषध किंवा डोस बदलता येतो.