मैदानातल्या शंका: बेसबॉल शिकवताना

मी शाळेत खेळ शिकवतो. बेसबॉलला अठरा मुलं येतात. सहा जण चांगली तयार आहेत, बाकीच्यांनी ग्लोव्ह पहिल्यांदाच हातात घातलाय. सगळ्यांना एकत्र कसं शिकवू? – एक क्रीडाशिक्षक

सर, एकत्र शिकवा, पण सगळ्यांना एकच बॉल देऊ नका. खरा बॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा आणि टणक. तो एकदा नाकावर बसला की मूल ग्लोव्ह पुढे धरतं आणि तोंड फिरवतं. ही खोड लागली की सुटता सुटत नाही. म्हणून नवख्यांना आधी टेनिसबॉल किंवा मऊ बॉल द्या. कमरेच्या वर आलेला बॉल घेताना बोटं आकाशाकडे, खाली आलेला घेताना जमिनीकडे, एवढंच सांगा. त्या दिवशी दुसरी सूचना नको. मूल बॉल बघत असताना तुम्ही कोपर, गुडघा, खांदा असं ओरडत राहिलात तर त्याला काहीच ऐकू जात नाही.

ग्राउंडरचा, म्हणजे जमिनीवरून येणाऱ्या बॉलचा, सराव सगळ्यांचा एकाच वेळी होऊ शकतो. नवख्याला बॉल हाताने सरळ सोडा. ग्लोव्ह आधी जमिनीला टेकलेला हवा आणि तो खालून वर यायला हवा. वरून खाली नेला की बॉल पायांमधून निघून जातो. तयार मुलांना तोच ग्राउंडर दोन पावलं डावी-उजवीकडे द्या आणि लगेच फर्स्ट बेसला (बॅटर मारून आधी जिथे पळतो तो तळ) थ्रो करायला लावा.

बॅटिंगला टी, म्हणजे बॉल ठेवायचा उभा दांडा, वापरा. ती लहान मुलांची वस्तू असं मोठ्या मुलांना वाटतं, पण व्यावसायिक खेळाडूही रोज टीवर सराव करतात. नवख्यासाठी बॉल कमरेच्या उंचीवर, प्लेटच्या (बॅटरपुढची जमिनीवरची पाटी) मध्यावर. तयार बॅटरसाठी टी हलवा: आतला बॉल शरीराच्या पुढे गाठायचा, बाहेरचा थोडा जवळ येऊ द्यायचा. नुसती टी हलवून सराव बदलतो, वेगळं साहित्य लागत नाही.

थ्रोच्या जोड्या लावताना मात्र जोरात फेकणारा आणि नवखा समोरासमोर उभे करू नका. आणि त्या सहा जणांना कायमचे मदतनीसही करू नका. तीही खेळायलाच आलीत.

माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, संघात सर्वात वेगात पिच करतो (बॅटरला बॉल टाकतो). हल्ली कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणतो. त्याला कर्व्हबॉल (हवेत वळणारा बॉल) शिकायचाय. शिकवावा का? – एक आई

ताई, कर्व्हबॉल राहू द्या, आधी फेकणंच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. या वयात कोपरातला हाडाच्या वाढीचा भाग पक्का झालेला नसतो आणि प्रत्येक जोरदार पिच नेमकी तिथेच ताण देते. दुखत असताना बर्फ लावून उभं करणारे कोच मला माहीत आहेत. "एकच इनिंग" हे त्यांचं आवडतं वाक्य.

डॉक्टरांनी परवानगी दिली की पिचेस मोजा. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या 'पिच स्मार्ट' सूचनांनुसार ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसात ८५ च्या वर पिचेस टाकू नयेत, आणि ६६ किंवा जास्त टाकल्या तर पुढे चार दिवस विश्रांती. ही मोजणी कोचच्या अंदाजावर सोडू नका, वही घेऊन कुणीतरी बसा. त्याच दिवशी त्याला कॅचर (बॅटरमागे बसून पिच झेलणारा) म्हणूनही उभं करू देऊ नका, कॅचरलाही सारखे थ्रो करावे लागतात.

नवीन काही हवंच असेल तर चेंजअप. हात फास्टबॉलसारखाच फिरतो, फक्त बॉल तळहातात खोल धरायचा. वेग आपोआप उतरतो. समोरचा बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळा झालेला असतो, ते बघून पोरगं कर्व्हबॉल विसरेल.

मी क्रिकेट खेळतो. बेसबॉलमध्ये फिल्डिंग जमते, पण बॅटिंगला सारखा स्ट्राइकआउट होतो, म्हणजे बॉल मारताच न येता बाद. – वय २२

तुम्ही बहुधा पुढच्या पायावर झुकत असाल. इथे टप्पा नाही, पोहोचायचं कुठेच नाही. वजन मागच्या पायावर ठेवा, आधी कंबर फिरू द्या, हात तिच्यामागून येतील. प्लेट जेमतेम ४३ सेंटिमीटर रुंद आहे. तिच्या बाहेरचं सोडायला शिका. असे चार बॉल सोडलेत तर फर्स्ट बेस फुकट मिळतो. आणि बॉल मारला की बॅट टाकून पळायचं, धाव घ्यावी की नाही हा विचार क्रिकेटमध्ये. फर्स्ट बेसवर थांबायची घाई नको, त्याच्यावरून सरळ पुढे पळत गेलात तरी चालतं.