‘दोनच पेग’ आणि पहाटेची धडधड

‘मॅडम, मी काही बेवडा नाही. टेन्शन असलं तरच घेतो, आणि तेही दोनच.’ हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्याच्या मागून येणारं वाक्यही मला आधीच कळतं. ‘नाही घेतली तर झोप लागत नाही.’ शिक्षक, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, कर्जवसुलीवर नेमलेले बँक अधिकारी, आणि अलीकडे आयटीत काम करणाऱ्या मुलीसुद्धा. यांतले बहुतेक जण खोटं बोलत नसतात. मजा म्हणून ते पीत नाहीत. संध्याकाळ झाली की छातीत धाकधूक सुरू होते आणि ती थांबवायला दुसरं काही येत नाही, म्हणून पितात. त्यांचा प्रश्नही मनापासूनचा असतो: दारू वाईट हे मान्य, पण मग तिच्याऐवजी काय?

याचं उत्तर मी संग्रामरावांच्या निमित्ताने देते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

संग्रामराव चाळिशीतले. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत वडिलांनी उभी केलेली फौंड्री चालवतात. वाहन कंपन्यांना कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेले धातूचे भाग, पुरवायचं काम. माल गेला की फोनची वाट बघायची: लॉट पास झाला, की रिजेक्ट? ब्लोहोल, म्हणजे धातूत वायूच्या पोकळ्या, निघाले तर माल परत, वर पैसे कापल्याची डेबिट नोट, आणि कामगारांचे पगार ठरल्या तारखेला द्यायचेच. त्यांना घेऊन त्यांची बायको स्नेहल आली होती. ‘दोनच घेतो ओ,’ असं ते म्हणाले तेव्हा ती काही बोलली नाही, पण तिने मान फिरवली.

मी टेबलावरचा ग्लास आणि पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. ‘रोज ओतता तसा एक पेग ओतून दाखवा.’ ते हसले, पण हात सवयीचा होता. न बघताच ओतून झालं. मी ते पाणी मापाच्या कपात ओतलं. ९० मिली. लहान पेग ३० चा, मोठा ६० चा. संग्रामरावांचा एक पेग ९० चा होता. म्हणजे ‘दोन’ म्हणत ते रोज एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, संपवत होते. ते कपाकडे बघत राहिले. ‘एवढी होते व्हय?’ त्यांना खरंच माहीत नव्हतं.

हिशेब इथेच समजून घ्या. आपल्याकडच्या व्हिस्कीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरतं. ढोबळ मानाने शरीर तासाला सात-आठ ग्रॅम निकालात काढतं. रात्री नऊला घेतलेली दारू पूर्ण उतरायला पहाट होते. ही पहाट पुढे महत्त्वाची ठरणार होती.

पण त्याआधी मी दुसरा प्रश्न विचारला. ‘सकाळी हात थरथरतात का? एखाद्या दिवशी घेतली नाही तर घाम, मळमळ?’ ते म्हणाले, ‘थोडे कापतात. चहा घेतला की बरं वाटतं.’ हे ऐकून मी त्यांना त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. हे मला ठासून सांगायचं आहे. ज्यांचं शरीर रोजच्या दारूला सरावलं आहे त्यांनी ‘उद्यापासून बंद’ असा बाणा दाखवून एकदम सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीत सोडायची. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने दारूवर घ्यायच्या नाहीत. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आणि नवऱ्याच्या चहात गुपचूप औषध मिसळणाऱ्या बायकांनाही विनंती आहे, ते करू नका. तसल्या काही औषधांवर नकळत दारू घेतली गेली तर माणूस गंभीर होतो.

डॉक्टरांनी तपासण्या करून, औषधं देऊन, टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं. मी वही दिली. किती घेतली, केव्हा घेतली, रात्री जाग केव्हा आली आणि तेव्हा धडधड दहापैकी किती, एवढंच लिहायचं. उपदेशाचा एक शब्द नाही. दारूबद्दलचे उपदेश त्यांनी घरी भरपूर ऐकले होते आणि प्रत्येक उपदेशानंतर एक पेग जास्त घेतला होता.

सुरुवातीच्या कमी दारूच्या रात्री वाईट गेल्या. झोप तुटक, चिडचिड. हे होणारच, असं मी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून ते टिकले. काही आठवड्यांनी ते वही घेऊन आले आणि खुर्चीवर नीट बसायच्या आधीच म्हणाले, ‘मॅडम, हे उलटं आहे की ओ.’

‘काय उलटं?’

‘हे बघा. या दिवशी लॉट पास झाला होता. काही टेन्शन नव्हतं. मित्रांबरोबर बसलो, जास्त झाली. पहाटे चारला जाग, धडधड आठ. आणि इथं डेबिट नोट आली होती, पण दारू घेतली नव्हती. एकदा जाग आली, धडधड चार, परत झोपलो.’

वर्षानुवर्षं ते पहाटेच्या धडधडीचा दोष धंद्याला देत होते आणि त्या धडधडीवर उपाय म्हणून रात्री पीत होते. प्रत्यक्षात चारची धडधड बरीचशी नऊच्या ग्लासातून येत होती. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्याचा दाबते. मेंदू तोल सावरण्यासाठी उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू उतरते, वाढवलेली उत्तेजना मात्र तशीच उरते. म्हणून झोप पटकन लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात तुटते आणि माणूस धडधडत उठतो. मी हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन ग्लास भरला असता. स्वतःच्या अक्षरातले आकडे माणसाला नाकारता येत नाहीत. त्यासाठी थांबण्याचा संयम समुपदेशकाकडे लागतो, आणि तो माझ्याकडे आहे असं मी म्हणेन.

तरीही अर्धंच काम झालं होतं. पुढच्या भेटीत ते वैतागून आले. ‘तुम्ही सांगितलं, इतरांनी सांगितलं, सगळं केलं. प्राणायाम केला, दहा मिनिटं. धडधड काही गेली नाही. उठलो आणि ओतली.’

माझ्या अनुभवात बहुतेक जण इथेच अडकतात. दारूऐवजी ध्यान, ध्यानाऐवजी गाणी, गाण्यांऐवजी मोबाइल. प्रत्येक गोष्टीकडून अपेक्षा तीच: ही धाकधूक आत्ताच्या आत्ता घालव. ती गेली नाही की उपाय फसला, आणि मग बाटली आहेच. बाटली त्या बाबतीत शब्दाला जागते, अर्ध्या तासात गुंगी आणते. वेगाच्या शर्यतीत प्राणायाम तिच्यापुढे हरणारच.

मी विचारलं, ‘धडधड राहिली असती तर काय झालं असतं?’

‘सहन झालं नसतं.’

‘दुपारी तीनला फोन येतो, लॉट अडकला म्हणून. तेव्हा धडधडतं?’

‘जास्तच.’

‘तेव्हा घेता?’

ते जवळजवळ रागावले. ‘कारखान्यात? फर्नेस चालू असताना? पिऊन आलेल्या माणसाला मी गेटातनं आत घेत नाही.’

‘मग तीन वाजता जे सहन होतं, ते रात्री नऊला का होत नाही?’

बराच वेळ ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी मध्ये बोलायचा मोह टाळावा लागतो. बोटाने टेबलाच्या कडेवर रेघ ओढत ते शेवटी म्हणाले, ‘तीनला ती जाते का नाही, हे मी बघतच नसतो. पुढची हीट, धातू वितळवायची खेप, लावायची असते.’ आणि मग, थोडं थांबून: ‘आमच्याकडं नवीन पोरं साचा गार व्हायच्या आधीच फोडतात. घाई. कास्टिंग तडकतं. मी रोज रात्री नऊला तेच करतोय.’

साच्याचं मी त्यांना शिकवलेलं नव्हतं, मला फौंड्रीतलं काही कळत नाही. पण त्यांना तिथवर नेणारा प्रश्न माझा होता, आणि तो प्रश्न सुचल्याचं समाधान मला आजही आहे.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या या विचाराने महाराष्ट्रात चांगलं मूळ धरलं आहे. त्याचा इथला गाभा असा: धाकधूक नसावी ही इच्छा रास्त आहे. ती नसलीच पाहिजे, आत्ता गेलीच पाहिजे, नाहीतर मी कोलमडेन, हा हट्ट आहे. माणसाला ग्लासाकडे नेतो तो हा हट्ट. धाकधूक अप्रिय आहे, असह्य नाही. आणि रोज पिणाऱ्याचं एक मोठं नुकसान कुणाच्या ध्यानात येत नाही. ती आपोआप ओसरते हे त्याला कधी कळतच नाही, कारण प्रत्येक वेळी श्रेय ग्लास घेऊन जातो. पिण्याची तलफसुद्धा बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत चढते आणि उतरते. तेवढा वेळ तिच्यासोबत बसता आलं पाहिजे.

त्यानंतर आम्ही तेच उपाय पुन्हा घेतले, पण धाकधूक घालवायला नव्हे. ती असताना नऊ ते साडेनऊ काय करायचं, एवढ्यासाठी. कारखान्यातून निघण्याआधी साडेसहाला पंधरा मिनिटं चिंतेची वेळ. वहीत लिहायचं: कशाची भीती वाटते, उद्या कुणाला फोन करायचा, आणि काय आपल्या हातात नाही. रात्री तोच विचार आला तर ‘उद्या साडेसहाला’ म्हणून बाजूला ठेवायचा. चिंता करूच नका असं सांगून काही होत नाही, तिला वेळ ठरवून दिली तर मात्र ती बऱ्यापैकी ऐकते. संध्याकाळी चारनंतर चहा बंद. दिवसभरात सात-आठ कप होत होते आणि चहाची धडधडही ते टेन्शनच्या खात्यावर टाकत होते. जेवण साडेदहाऐवजी आठला, कारण रिकाम्या पोटी तलफ जोरात येते. सुपरवायझरला रात्री एकच फोन. मग रंकाळ्यावर फेरी. श्वास चार आकडे आत, सात-आठ आकडे बाहेर. सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात. हे सगळं करूनही धडधड पाच राहिली तर पाच राहू द्यायची. मुलीचा गणिताचा गृहपाठ घेताना ती कधी दोनवर आली हे त्यांना एकदा कळलंच नाही. मला तो दिवस वहीतल्या सगळ्या आकड्यांहून मोलाचा वाटतो.

मध्ये गटारीला मित्रांबरोबर बसले आणि घसरले. दुसऱ्या दिवशी ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणून फोन. मी म्हटलं, एक रात्र गेली, शिकलेलं कुठे गेलं? वहीत लिहा आणि आज रंकाळ्यावर जा. अपराधीपणाही एक अस्वस्थताच असते, आणि तिच्यावर पुन्हा पिणारे मी खूप पाहिले आहेत. मित्रांना कारणं सांगत बसू नये, हेही त्यांना तेव्हा पटलं. कारण दिलं की त्यावर वाद होतो. ‘मी जेवायला येतो, घेणार नाही,’ एवढं पुरतं, आणि तांबडा-पांढरा रस्सा ग्लासाशिवायही खाता येतो. ज्यांनी चिंतेवरचं औषध म्हणून दारू धरली, त्यांनी मापात घेण्याच्या फंदात न पडता ती पूर्ण थांबवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. चिंता वाढली की माप वाढतंच.

स्नेहलशी मी दोनदा वेगळी बोलले. ती बाटल्यांवर खुणा करायची, घरात शिरताच नवऱ्याचा वास घ्यायची. तिला म्हटलं, पहारा सोड. ‘आज किती झाली?’ याऐवजी ‘नऊला फेरीला येऊ का?’ असं विचार. आणि तो घेऊन आला असेल त्या रात्री वाद घालू नकोस, सकाळी शुद्धीत बोल. हे सोपं नव्हतं, पण तिने केलं.

लॉट आजही परत येतात. संग्रामराव अधूनमधून येतात, वही आणतात.

तुमच्या घरी हाच प्रश्न असेल तर आधी पाणी ओतून पेग मोजा आणि वही सुरू करा. हात थरथरत असतील, सकाळीच प्यावीशी वाटत असेल, तर वहीच्या आधी डॉक्टर. भरती व्हायची वेळ आली तर त्यात कमीपणा नाही; १९८६ पासून पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करत आहे. आणि रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायचं असेल, तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.