“घरी पडलो” असं लिहून देऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी समुद्रपूर तालुक्यातला, बुटीबोरीकडं एका गोदामात ठेकेदाराकडून कामाले जातो, १४ हजार पगार, ईएसआय (कामगार विमा) कटते. मागच्या आठवड्यात बीओपीटीनं (बॅटरीवर चालणाऱ्या, माल ओढायच्या मशीननं) तेलाच्या डब्यांचं पॅलेट, म्हणजे माल ठेवायची लाकडी फळी, ओढत मागं मागं येत होतो तं चाक डाव्या पायावरून गेलं, पायात चप्पल होती, अंगठ्याजवळचं हाड मोडलं. सुपरवायझर म्हणते चूक तुयी हाय, घरी पडलो म्हणून लिहून दे. ठेकेदार दोन हजार देतो म्हणते. वावरात तूर उभी हाय, काय करू जी?

— एक वाचक

उत्तर : भाऊ, त्या कागदावर सही करू नका. “घरी पडलो” लिहिलं की कामावरची इजा साधं आजारपण होऊन जाते. ईएसआयमध्ये आजारपणाला पगाराच्या ७० टक्के अन् तेही वर्षात ९१ दिवसच, कामावरच्या इजेला ९० टक्के, डॉक्टर अनफिट म्हणते तोवर. तुमच्या पगारात ढोबळ हिशेब केला तर महिन्याला ९,८०० कुठं अन् १२,६०० कुठं, ठेकेदाराचे दोन हजार कुठं बसतात ते तुम्हीच पहा. घाईत चूक झाली म्हणून हक्क जात नाही. अपघाताची नोंद करायला लावा, ईएसआय दवाखान्यात कामावर लागलं असंच सांगा, सोबत कोण होतं त्यांची नावं लिहून ठेवा.

आता मशीनचं. हँडल सरळ उभं किंवा पार खाली गेलं की ब्रेक लागतो, मधात असलं की चालते. हँडलच्या टोकाचं मोठं बटन पोटाला टेकलं की मशीन उलटं सरकते, माणूस भिंतीत चेपू नये म्हणून, पण पायाला ते काय वाचवणार! मशीनकडं तोंड करून मागं चाललं की पाऊल नेमकं चाकासमोर येते, म्हणून जरा बाजूनं, पुढं पाहत चालायचं असते. हे शिकवणं अन् स्टीलच्या टोकाचे बूट देणं मालकाचं काम होतं, त्यामुळं “तुयी चूक” हे ऐकून घेऊ नका.

बोटं निळी पडली, बधिर झाली, प्लास्टरात ठणका वाढतच गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, गावात कोणाकडून चोळून घेऊ नका. अन् तुरीचं म्हणाल तर फवारणीला भावाला पाठवा, ईएसआयचे पैसे घेताना बरं होण्यात आडवं येईल असं काही करायचं नाही असा नियमच आहे.