गुऱ्हाळातला वास नेमका कोणाला येतो?

प्रिय लेखकमित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझी गुऱ्हाळावरची कथा लक्षपूर्वक वाचली. शहरात नोकरी करणारा मुलगा गावी येतो आणि ज्यांनी उभा जन्म गुळव्या (उसाचा रस आटवून गूळ करणारा कारागीर) म्हणून काढला, त्या वडिलांच्या शेजारी काहिलीपाशी, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईपाशी, एक रात्र उभा राहतो, ही कल्पना मला आवडली. मात्र पहिल्याच परिच्छेदात तू चुलवाणाचा तांबडा उजेड, चरकाची घरघर, रसाचा गोड वास, हाताचा चिकटा आणि जिभेवरची काकवी अशी पाचही इंद्रियांची हजेरी घेतली आहेस. त्यात खोटे काही नाही. अडचण एवढीच, की हे सारे कोणाला जाणवते आहे ते कळत नाही. संवेदना ही नेहमी कोणाची तरी असते, आणि ती कोणाची आहे हे ठरले की निम्मे तपशील आपोआप गळून पडतात.

वासाचेच पाहा. एकाच वासात माणूस काही वेळ राहिला की नाक त्याला सरावते आणि तो वास जाणवेनासा होतो. म्हणून उकळत्या रसाचा गोडसर वास बांधावरूनच मुलाला येईल, पण रोज तिथे उभ्या असणाऱ्या वडिलांना तो येणार नाही. त्यांचे नाक रस बुडाला लागून करपू लागला तरच जागे होईल. बापलेकांमधले जे अंतर तू दीड पानाच्या संवादातून सांगू पाहतोस, ते एवढ्याने दिसते. आणखी एक सावधगिरी. डोळे, कान, जीभ आणि त्वचा यांचे संदेश थॅलॅमस नावाच्या मेंदूतल्या केंद्रातून पुढे जातात, तर वासाचा संदेश तो थांबा न घेता भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत पोहोचतो. वासाने जुन्या आठवणी उसळतात हे खरेच आहे, पण त्यामुळेच आजकाल प्रत्येक दुसऱ्या कथेतले पात्र कसला तरी वास येताच बालपणात जाऊन पोहोचते. तुझ्या कथेत ते एकदाही होऊ देऊ नकोस.

आता वडिलांकडे येतो, कारण कथेचा खरा ऐवज तिथे आहे. त्यांची नजर अधू झाली आहे असे तू दुसऱ्या पानावर लिहिले आहेस आणि चौथ्या पानावर तेच वडील पाकाचा सोनेरी रंग पाहून काहील उतरवायला सांगतात. रंग आणि बुडबुडे पाहून अंदाज घेणे हा गुळव्याच्या कामाचा भाग असतो हे मान्य, पण तेवढ्यावर त्याचे काम भागत नाही. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती काहिलीच्या कडेवर मारून आवाज ऐकतो. गोळी टणक वाजली, की पाक ढेप धरण्याजोगा झाला. म्हणजे ज्याचे डोळे गेले आहेत त्याच्याकडे बोटे आणि कान अजून शाबूत आहेत. असा प्रसंग हाताशी असताना तू रंगाच्या वर्णनावर सहा ओळी खर्च केल्यास, याचे मला नवल वाटले.

कानाबाबत आपली भाषा सढळ आहे. पातळ रस खळखळ उकळतो आणि घट्ट होत आला की रटरटू लागतो. ही दोन क्रियापदे योग्य जागी आली तर रस आटत आल्याचे निराळे सांगावे लागणार नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात बोल इतके रसाळ होतील की त्यांच्यासाठी इंद्रियांमध्येच भांडण लागेल, अशी कल्पना आहे. मराठीत लिहिणाऱ्याची महत्त्वाकांक्षा तेवढी असायला हरकत नाही. परंतु नादवाचक शब्द मिठासारखे हात राखून वापरावेत, नाहीतर गंभीर प्रसंगही बालगीतासारखा वाजू लागतो.

चवीला या कथेत फारसे काम नाही. काकवी चाखण्याचा प्रसंग काढून टाकलास तरी चालेल. स्पर्शाचा मात्र विचार कर: आगीच्या बाजूला भाजणारी पोटरी आणि पाठीला झोंबणारी पौषातली थंडी एकाच शरीराला एकाच वेळी जाणवते, आणि मुलाला तिथे किती अवघडल्यासारखे होत असेल हे त्यातून कळते.

वाक्यरचनेविषयी थोडे. ‘त्याला जाणवले’, ‘त्याला ऐकू आले’, ‘त्याच्या लक्षात आले’ असे शब्द तुझ्या मसुद्यात जागोजागी आहेत. एकदा मुलाच्या बाजूने सांगायचे ठरल्यावर ते बहुतेक ठिकाणी अनावश्यक ठरतात. ‘त्याला चिपाडे तडतडल्याचे ऐकू आले’ याऐवजी ‘चिपाडे तडतडली’ एवढे लिहिले, की वाचक मुलाच्या जागी उभा राहतो.

सगळी कथा पुन्हा लिहायला घेऊ नकोस. आधी फक्त गोळी वाजवण्याचा प्रसंग मुलाच्या कानाने लिही: वडिलांना जो आवाज पुरेसा वाटतो, त्यातला फरक मुलाला ओळखता येत नाही, असे धरून. तेवढाच भाग मला पाठव; उरलेल्या पानांचे काय करायचे ते त्यानंतर ठरवू.

कळावे, लोभ असावा.