वहीत १२५, मीटरवर १९०

ताई,

तुमचं पत्र मिळालं. मधुमेहाला नऊ वर्षं झाली, आठ महिन्यांपासून रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. सकाळी उपाशीपोटी मीटर १८० ते २०० दाखवतो, पण यजमान वही बघून बोलतात म्हणून वहीत १२०-१३० लिहिता. एचबीए१सी ही सरासरी साखरेची रक्ततपासणी ९ आली तेव्हा डॉक्टर बुचकळ्यात पडले आणि त्यांनी जेवणाआधीची एक गोळी वाढवली. सकाळचा आकडा तरीही उतरेना, म्हणून इन्सुलिन तुम्हीच १४ वरून २० युनिटवर नेलंत. गेल्या आठवड्यात रात्री घाम फुटून, छातीत धडधडून जाग आली. साखर खाल्लीत, बरं वाटलं, पण कुणाला सांगितलं नाहीत. तपासणीला दहा दिवस आहेत आणि तुम्ही विचारता, "आता डॉक्टरांना खरं कसं सांगू?"

दहा दिवस थांबू नका. आज रात्रीचं इन्सुलिन घेण्याआधी फोन करा आणि एवढंच बोला: "डॉक्टर, वहीतले सकाळचे आकडे मी कमी लिहिले, खरे १८० ते २०० आहेत. इन्सुलिन मी २० युनिट घेत होते आणि एका रात्री साखर उतरल्यासारखं झालं." कारणं द्यायची, माफी मागायची गरज नाही. लाजेपायी आकडे बदलणारे पेशंट डॉक्टरांना नवे नसतात. फोन लागलाच नाही, तर त्यांनी लिहून दिलेले १४ युनिटच घ्या.

घाई का, तेही समजून घ्या. एचबीए१सी ९ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण २१२. वहीत सकाळी १२५ दिसल्यावर डॉक्टरांनी काढला तोच अर्थ कुणीही काढेल: उपाशीपोटी ठीक आहे, जेवणानंतर चढते. म्हणून जेवणाची गोळी आली. ती स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी असेल, तर तिचा जोर आणि तुमची सहा युनिटं एकावर एक चढली. त्या रात्री तुम्ही साखर मोजली नाहीत, त्यामुळे ती उतरलीच होती असं छातीठोक म्हणता येत नाही, पण लक्षणं अगदी तीच आहेत.

सकाळची साखर का चढते, हे नुसत्या सकाळच्या आकड्यावरून कळत नाही. डॉक्टरांशी बोलून तीन रात्री तीनदा मोजा: झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर. झोपतानाच २०० असेल तर दोष रात्रीच्या जेवणात किंवा नंतरच्या खाण्यात शोधायचा. तीनला ठीक आणि उठल्यावर जास्त असेल, तर पहाटेच्या हार्मोन्समुळे यकृत रक्तात साखर सोडतंय. हे शरीराचं काम आहे, त्यात तुमचा काही गुन्हा नाही. आणि तीनला ७० च्या खाली असेल तर इन्सुलिन जास्त होतंय. अशा वेळी सकाळचा आकडा बघून डोस वाढवणं म्हणजे पुढच्या रात्री जिवाशी खेळ. मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला गोडाचा अंश राहिला तर मीटर खोटंच जास्त दाखवतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. "बेंबीच्या उजवीकडे एकाच जागी टोचते, तिथे आता दुखतच नाही." ताई, त्या जागेवरून बोटं सपाट फिरवून बघा. कातडीखाली रबरासारखी मऊ किंवा घट्ट गाठ लागते का? रोज तिथेच इन्सुलिन गेल्याने चरबी साचून अशी गाठ होते. टोचलेलं दुखत नाही ते त्यामुळेच, पण इन्सुलिन तिथून नीट शोषलं जात नाही: एक दिवस कमी, एक दिवस एकदम जास्त. तुमच्या १८०-२०० चं निम्मं कोडं इथेच सुटू शकतं. मात्र गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात की तेच १४ युनिट जास्त काम करतील, म्हणून जागा बदलण्याआधी हे डॉक्टरांना सांगा, डोस कमी करावा लागू शकतो. पुढे रोज आधीच्या जागेपासून बोटभर सरकायचं, पोटाच्या दोन्ही बाजू आणि मांड्या आलटून पालटून वापरायच्या. दर वेळी नवी सुई. टोचण्याआधी इन्सुलिनच्या पेनमधून २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब दिसतोय ना बघा, आणि बटण पूर्ण दाबल्यावर दहा आकडे मोजूनच सुई बाहेर काढा. लगेच काढली तर औषध कातडीवर ओघळतं.

पुन्हा घाम, थरथर, धडधड झाली तर मोजा; मीटर हाताशी नसेल तर आधी उपचार. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे तीन-चार सपाट चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून प्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी परत मोजा, अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा घ्या. सावरल्यावर थोडं खाऊन झोपा.

आता यजमान. रागावणं चुकीचंच, ते मी झाकणार नाही. पण तुम्ही बेशुद्ध पडलात तर शेजारी तेच असणार, म्हणून त्यांना अंधारात ठेवणं परवडणारं नाही. तपासणीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या की बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायची. पहाटे तीनचा गजर लावायचं कामही त्यांच्याकडेच द्या. जाताना वहीबरोबर मीटर आणि इन्सुलिनचं पेन न्या, मीटरच्या मेमरीत खरे आकडे तारखेसकट आहेत. आणि पोटावरची ती जागा डॉक्टरांना हात लावून बघायला सांगा.